बोंबीलचा पत्ता

कामात तसं भिण्यासारखं काही नव्हतं. मुलुंडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात नेट अधूनमधून पडायचं, आणि ते पडलं की मशीनं एकमेकांना शोधू शकत नसत. कुठल्या नावाचं मशीन कुठे आहे, हे प्रत्येक वेळी अंधेरीच्या मुख्य हॉस्पिटलातल्या सर्व्हरला विचारावं लागे. म्हणून मी इथल्याच लिनक्स सर्व्हरवर डीएनएस कॅश बसवत होते. एकदा विचारलेला पत्ता ती जवळच लक्षात ठेवते. मला घाईही होती. आयसीयूत चार नंबरच्या बेडवर माझी मावशी होती, कृष्णाबाई, आणि तिच्या मॉनिटरचा अलार्म सर्व्हरमार्फत नर्सच्या फोनवर पोचायलाच हवा होता.

आमच्या सर्व्हरची नावं माशांची. आधीचा सिस्टिमवाला सिद्धेश वेसाव्याचा कोळी, त्यानेच ठेवलेली: सुरमई, हलवा, बोंबील. गेल्या वर्षी याच चार नंबरवर त्याने शेवटचा श्वास सोडला. मागोमाग त्याचा लाडका बोंबीलही भंगारात गेला.

कॅश चालू केली. सुरमईचा पत्ता पहिल्यांदा रेंगाळत आला, दुसऱ्यांदा चटकन. झकास. मग बेडचे मॉनिटर तपासले. चार नंबरचा मॉनिटर अजून बोंबीललाच अलार्म पाठवत होता. बदलायचं राहूनच गेलं होतं.

मी बोंबीलचा पत्ता विचारला. असं नाव नाही, एवढंच उत्तर यायला हवं होतं. पत्ता आला. पहिल्याच वेळी, चटकन... कुणीतरी आधीच विचारून ठेवल्यासारखा. कॅश पुसली, अंधेरीकडची केबल काढली, पुन्हा विचारलं. तोच पत्ता. मला भीती वाटली ती तेव्हा.

तशीच वर गेले. मावशी उशीला टेकून पेज खात होती. चेतना सिस्टर ड्युटीवर होती.

"चार नंबरचा अलार्म येत नसेल ना गं?" मी हळूच विचारलं.

"येतो की. सगळ्यात आधी तोच येतो." तिने आवाज उतरवला. "कसं सांगू यार... पेशंटला काही व्हायच्या आधीच येतो. त्यामुळे तर मागे दोघं वाचले."

"आणि बाकीचे...?"

तिने नजर मॉनिटरकडे वळवली. मावशीच्या मॉनिटरवर हिरवी रेघ शांत चालली होती.

चेतनाच्या खिशातल्या फोनवर अलार्म वाजला. दोघींनी मावशीकडे पाहिलं. तिने चमचा वाटीत ठेवला.

"काय गो प्रांजल, अशी काय बघतंस?"