बांध मुरेपर्यंत

शस्त्रक्रिया झाली, हृदय दुरुस्त झालं, मग महिन्याभरात आजोबांच्या छातीत पुन्हा धडधड का? हे कोडं मला एकटीलाच पडलं होतं, कारण बाकी कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. आमचे आजोबा चंद्रावर पाणी शोधणारी यंत्रं बनवतात, पण वागणं माझ्या धाकट्या भावासारखं. जिना चढून आले, मटकन खुर्चीत बसले, मनगटावरचा नाडीपट्टा (ठोके मोजणारं यंत्र) काढून खिशात टाकला आणि मला त्यांच्या गळ्याची शपथ घातली. आईला सांगायचं नाही, सखूला तर नाहीच. सखू म्हणजे आमच्या घरची परिचारिका रोबो.

शपथ मोडली की माणूस मरतो, असं शाळेत सगळ्या म्हणतात. सांगितलं तरी आजोबा जाणार, नाही सांगितलं तरी. शेवटी त्यांनाच विचारलं.

"आजोबा, शपथ मोडल्यानं खरंच कुणी मरतं का?"

"छे गं, असं कुठं असतं!"

"मग मी सखूला सांगते."

आजोबांचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं होतं.

सखूनं पट्टा पुन्हा बांधला, ठोक्यांचा आलेख डॉक्टरीणबाईंना पाठवला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. हृदयातली वीज ठरलेल्या वाटेनं गेली की ठोके तालात पडतात, ती म्हणाली. आजोबांची वीज भलत्याच वाटेनं पळायची. म्हणून मांडीच्या शिरेतून कॅथेटर (लांब, बारीक नळी) आत नेऊन त्या वाटेवर बारीक चटके दिले. त्यांचे व्रण पक्के झाले की वाट बंद. पण तोवर तिथे सूज असते, हृदय चिडलेलं असतं. भातखाचराचा नवा बांध मुरेपर्यंत थोडा पाझरतो, तसंच. साधारण तीन महिने असं होऊ शकतं, तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असं ठरत नाही.

"मला वाटलं, परत टेबलावर झोपवतील," आजोबा हळूच म्हणाले. "घाबरलो होतो गं."

पण लपवणं धोक्याचं, असं सखूनं बजावलं. हृदय नुसतं थरथरत राहिलं तर आत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्यासाठीच असतात. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: एक औषध वाढवा, उद्या तपासायला या. सखूकडून कळल्यावर आईनं आम्हा दोघांनाही चांगलंच झापलं.

मग मी आजोबांच्या छातीला कान लावला.

"अजून चुकतंय," म्हणताना मला रडूच आलं.

"चुकू दे," माझ्या केसांतून हात फिरवत ते म्हणाले. "शिकतंय ते. आणि आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे."