अकरा जास्त, अकरा कमी

"माझ्या नावावर अकरा पेपर जास्त आहेत," मी ग्रंथालयाच्या काउंटरवर सांगत होते.

"आणि माझे अकरा कमी," शेजारून आवाज आला.

मी वळून पाहिलं. विस्कटलेले केस, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली... आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर आद्याक्षरं माझीच, आडनाव माझंच! मी दुसऱ्या मजल्यावर ल्युकेमियावर काम करते, तो पाचव्या मजल्यावर फुप्फुसाच्या कॅन्सरवर. कॉम्प्युटरनं दोघांचा मिळून एकच संशोधक करून टाकला होता.

ग्रंथपालबाईंनी आम्हाला खिडकीजवळचं टेबल दाखवलं. "बसा तिथे आणि आपापसांत वाटून घ्या. भांडू नका."

काचेवरून पावसाचे ओघळ सावकाश उतरत होते. तो शीर्षकं वाचत होता, मी पेन्सिलीनं खुणा करत होते.

"लहान मुलांचा ल्युकेमिया, औषधाला दाद न देणाऱ्या पेशी..."

"माझा."

"सिगारेट न ओढणाऱ्यांमधला फुप्फुसाचा कॅन्सर."

"तुमचा."

"नक्की? चांगला आहे हो पेपर. हवा तर ठेवून घ्या."

"फुकटचं काही नको मला."

मी हसू दाबलं. पेन्सिलीचं टोक मात्र मोडलं.

शेवटच्या शीर्षकाशी तो अडखळला. त्याच्यापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं – 'मागे घेतला'.

"हाही... माझाच," तो म्हणाला. "दोन गटांच्या नमुन्यांना उलटी लेबलं लागली होती. छापून आल्यावर लक्षात आलं. मग मीच कळवून मागे घेतला."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि त्याला सांगून टाकलं. सोमवारी माझी मुलाखत होती, कायमच्या जागेसाठी. निवड समितीकडे हीच यादी गेली होती, लाल ओळीसकट! आणि दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते.

"सोमवारी किती वाजता?" त्यानं विचारलं.

"दहा. का?"

"सहज."

घरी आत्याला सगळं सांगितलं, तर ती म्हणते कशी, "आडनावही तेच? मग दारावरची पाटी बदलायला नको!"

"आत्या!" मी ओरडले. पण कानाच्या पाळ्या चांगल्याच तापल्या होत्या.

सोमवारी तो माझ्याआधीच हजर होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पत्र. तो समितीच्या खोलीत शिरला, तेव्हा दार अर्धवट उघडंच राहिलं.

"तो पेपर माझा आहे, चूकही माझीच," तो आत सांगत होता. "यांचा त्याच्याशी काही संबंध नाही."

बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "जा. मोकळेपणानं बोला."

जागा मला मिळाली. पण तो दिसेनासा झाला. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली की मी उगाच बाहेर डोकावायची... तो कधीच नसायचा.

दीड महिन्यानं ग्रंथपालबाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं, "त्याच्या प्रकल्पाचा निधी यंदा अडला. निधी देणाऱ्या समितीचे अध्यक्षही तुमच्या मुलाखतीतलेच ना! त्यानं स्वतः सांगेपर्यंत मागे घेतलेल्या पेपरचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्याच्या यादीत तो होता कुठे?"

मी जिना चढून वर धावले. तो प्रयोगशाळेत एकटाच होता, दोघांना एकदम बघता येतं त्या मोठ्या मायक्रोस्कोपसमोर.

"तुम्ही... तू मला हे सांगितलंस का नाही? समितीपुढे गप्प बसला असतास तर तुझं काहीच बिघडलं नसतं!"

"तुमचं बिघडलं असतं."

"आणि नंतर? एकदाही भेटावंसं वाटलं नाही?"

त्यानं चष्मा काढून पुसला. खूप वेळ पुसला. "रोज वाटलं. पण तुम्ही उपकारापोटी गोड बोलाल... ते नको होतं मला."

"काय करतोयस आता?"

"तेच नमुने पुन्हा तपासतोय, पहिल्यापासून. दोनशे चाळीस स्लाइड आहेत, ही पहिलीच."

मी स्टूल ओढलं आणि समोरच्या भिंगांना डोळे लावले. गुलाबी उजेडात जांभळ्या पेशी तरंगत होत्या... जणू आभाळाचा एखादा तुकडा, फक्त आम्हा दोघांना दिसणारा.

"दिसतंय?" त्यानं हळूच विचारलं.

"हं. आता वर बघू नकोस."

"का?"

"एक सांगायचंय. तुझ्याकडे बघून नाही जमणार." मी श्वास घेतला. "मी उपकार फेडायला आलेली नाही. मला तू... आवडतोस."

एकदम सगळं धूसर झालं.

"अरे, काय केलंस?"

"हात... कापतोय माझा."

मी डोळे न उचलताच चाचपडत तो हात शोधला. फोकसच्या बटणावरच होता, गार पडलेला. त्यावर माझा हात ठेवला. आम्ही दोघांनी मिळून बटण अगदी सावकाश फिरवलं... आणि एकेक पेशी पुन्हा लख्ख झाली.

"तू," तो पहिल्यांदाच म्हणाला, "उद्या येशील?"

"येईन की," मी म्हटलं. "अजून दोनशे एकोणचाळीस उरल्यात."