शेवटच्या घराचा पाईप

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्यांच्या हाताला ती घाण लागली, त्या माझ्या थोरल्या मामांनी सांगितलं तसंच सांगतोय.

रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

मामा प्लंबर. तीस वर्षं गटारांत हात घातलेला माणूस. किळस म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नाली उपसून तिथल्याच पायरीवर बसून डबा खायचे. मामी म्हणायची, "यांच्या नाकाला कायमची सुट्टी आहे."

त्या दिवशी बोलावणं आलं ते घर होतं नौदलाच्या तळाच्या भिंतीला अगदी लागून. भिंतीपलीकडे अणुपाणबुड्या उभ्या असतात. त्या गल्लीत प्रत्येक घरी फ्रिजवर एक पाकीट चिकटवलेलं. आत गोळ्या. वर छापलेलं, 'भोंगा वाजल्यास घ्याव्यात.' भोंगा कशासाठी वाजेल, हे कुणी सांगत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं...

"सगळं सुरक्षित आहे."

शेवटच्या घरात शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहायच्या. सोबत एकुलता एक मुलगा. तो तळावरच्या गोदीत रंगारी. पाणबुडीच्या टाक्यांत उतरायचा आणि आतून केशरी रंग मारायचा.

"सिंक तुंबलंय, मामा," बाई म्हणाल्या. "आणि वास तर... उभं राहवत नाही."

मामा सिंकखाली वाकले. पाईप सोडवला.

बादलीत बदकन काहीतरी पडलं.

राखाडी. बुळबुळीत. आणि... कोमट.

त्यात केस होते. आखूड, पुरुषाचे. वास गटाराचा नव्हता. सडक्या मासळीचाही नव्हता. जिभेवर लोखंड ठेवल्यासारखा वास, आणि त्याच्या तळाशी काहीतरी बरेच दिवस शिजत पडल्यासारखा.

तीस वर्षांत पहिल्यांदा मामांना उमासा आला.

"मुलगा कुठाय?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"अकरा दिवस झाले, घरी आला नाही. तळावरचे म्हणतात, समुद्रावर पाठवलाय." बाई क्षणभर थांबल्या. "रंगाऱ्याला समुद्रावर कशाला नेतील हो?"

तुंबलेला पाईप मोकळा करायची लांब तार असते, ती मामांनी आत सारायला घेतली.

दहा फूट. वीस फूट.

फ्रिजची घरघर थांबली.

बाहेर पाखरं कलकलत होती... तीही गप्प झाली.

आणि तार ओढली गेली.

अडकली नाही. ओढली गेली. कुणी मुठीत धरावी तशी. हलकेच, एकदा. मग पुन्हा.

मामांनी जोर लावला. पलीकडूनही जोर लागला. खोलवर काहीतरी ओलं घासत सरकलं... आणि पाईपाच्या तोंडातून कुणीतरी दम लागल्यासारखा श्वास सोडला. कोमट. थेट मामांच्या तोंडावर.

मामांनी पिशवीतला कटर काढला आणि तार कापली.

कापलेलं टोक सळसळत आत गेलं. गडप.

बाईंचं लक्ष बादलीत होतं. त्या वाकल्या, उघडा हात त्या राड्यात घातला आणि काहीतरी उचललं.

नख होतं. अख्खं. कडेला केशरी रंग.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ते पुसलं आणि मुठीत धरून ठेवलं.

मामांनी तळावर फोन लावला. अर्ध्या तासात साहेब आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडभर हसू. बादलीकडे त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही.

"मॅडम, हे साधं ड्रेनेजचं काम आहे. आमचा काय संबंध?"

"मग माझ्या मुलाशी बोलणं करून द्या."

"तो ड्युटीवर आहे, तिथे फोन चालत नाही. तुम्ही लोक उगाच घाबरता. हे बघा, इथलं पाणी मी स्वतः पितो."

त्यांनी सिंकच्या नळावर ग्लास भरला. घटाघट प्यायले. आणि मध्येच थांबले.

त्यांच्या ओठांतून एक केस लोंबत होता. आखूड.

मामांना वाटलं, आता हा माणूस थुंकेल.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. जिभेने केस आत ओढला. आणि... गिळला.

"झालं का काही मला?" ते हसून म्हणाले.

मामा सांगतात, बादलीतल्या घाणीचं काहीच नाही, ते गिळणं बघवलं नाही. मागच्या दारी जाऊन ते भडाभडा ओकले.

दुसऱ्या दिवशी तळाची माणसं आली. गल्लीतले जुने पाईप सिमेंटने बुजवायचे म्हणे. मामांनाही बोलावणं होतं. ते गेले नाहीत. गेलेल्या गवंड्याने नंतर सांगितलं, बाईंच्या पाईपात पोत्यांमागून पोती ओतली, तरी सिमेंट वर दिसेना. त्याआधी सकाळपासून बाई त्या पाईपाला तोंड लावून बसल्या होत्या. रडणाऱ्या पोराला वर्गात समजावावं तशा आवाजात बोलत होत्या.

"घाबरू नकोस. मी इथेच आहे."

दोघांनी धरून त्यांना बाजूला केलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

महिन्याभराने पत्र आलं. मुलगा नोकरी सोडून गेला, पत्ता उपलब्ध नाही. बाई अजून त्याच घरात आहेत. मामा त्या गल्लीत पुन्हा गेले नाहीत.

परवा मी त्यांना म्हणालो, "मामा, घूस असेल हो. तिने ओढली असेल तार."

"घूस ओढेल रे." मामा हाताकडे बघत राहिले. "पण मी ओढल्यावर त्याने आणखी घट्ट धरली. त्याला वाटलं असेल, आपल्याला बाहेर काढायला कुणीतरी आलंय... आणि मी काय केलं?"

त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली.

मग हात धुवायला म्हणून उठले. बेसिनपाशी गेले, पण नळ सोडलाच नाही. नुसते वाकून भोकात बघत उभे राहिले.

बराच वेळ.

त्यांना हाक मारायचा मला धीर झाला नाही.