दुसरी चूल

कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्याच घराच्या छपरावर, कवेलूंवर, एक अनोळखी तरुण उकिडवा बसलेला दिसला, तेव्हा विनताच्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती. ती खाली ठेवून तिने आधी पदर खोचला.

"क्यों भैया, हमारे कवेलू क्यों फोड़ रहे हो?"

"फोडत नाही... धुराची चिमणी कुठून निघेल ते बघून राहिलो." तो चक्क मराठीत बोलला आणि तिचीच पंचाईत झाली. "भय्यासाहेबांनी पाठवलं. मी श्रीरंग."

भय्यासाहेब म्हणजे विनताचे वडील, तोफगाड्यांच्या कारखान्यातले बडे बाबू. श्रीरंग तिथल्याच बांधकाम खात्यात ओव्हरसियर. लढाईचे दिवस, कारखान्याला उसंत नव्हती, तरी हा वेळ काढून आला होता. त्याला कारणही तसंच होतं. विनताच्या आईला दमा होता. मार्गशीर्षातल्या थंडीत दार लावून खोलीत कोळशाची सिगडी ठेवली, तर आई गुदमरून बेशुद्ध पडायचीच बाकी राहिली. डॉक्टरांनी सिगडी बंद केली. विनता मिशनच्या शाळेत शिकवायची. तिथे साहेबी पद्धतीची, भिंतीतली, लाकडं जाळायची शेगडी तिने पाहिली होती. ऊब खोलीत, धूर वर चिमणीतून बाहेर. तशीच आपल्याकडे हवी म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. "जागा तर बघू," म्हणून भय्यासाहेबांनी विषय मिटवला. जागा सापडू नये, अशीच त्यांची मनातून इच्छा होती.

आणि खरोखरच सापडेना. बैठकीची भिंत दारासमोर, वाऱ्याने धूर आत फिरेल. माजघरात वर लाकडी तुळई. तिसऱ्या भिंतीपलीकडे देवघर. दर वेळी श्रीरंग मान हलवायचा, चहा घ्यायचा आणि पुन्हा येतो म्हणायचा.

"जागा ठरवणं फार नाजूक काम असतं," तो एकदा बशीत बघत म्हणाला.

"अच्छा? आणि दोन कप चहा लागतो त्याला?"

"तीन लागतात... पण मागायचा संकोच वाटतो."

ती हसली आणि तिसरा कप आणायला गेली. तो येणार त्या दिवशी आपली वेणी जरा जास्तच नीट पडते, हे तिला कळत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. इकडे भय्यासाहेबांनी अमरावतीचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

एका रात्री लागलेली आईची धाप उजाडलं तरी थांबेना. संध्याकाळी श्रीरंग आला आणि आईच्या खाटेशी उभा राहून, खिडकीमुळे इथेही अडचण दिसते, असं पुटपुटला. विनताचा तोल गेला.

"श्रीरंगजी, माझी आई कुडकुडून राहिली आहे. सांगून टाका ना, की येत नाही हे काम तुम्हाला."

तो लालबुंद झाला. "येतं. जागा पहिल्याच दिवशी सापडली होती... हीच भिंत. पण सांगितलं असतं, तर मग... मला इथे यायला कारण उरलं नसतं."

तिला संताप आला आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की दोन्हींचं काय करावं ते कळेना. तिने संताप निवडला. "म्हणजे तुमच्या चहापायी आईचे हाल."

"हो. चुकलं माझं." त्याने सबब सांगितली नाही. कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीवर चौकोन काढला. "उद्या गवंडी आणतो."

"आणि गवंड्याचं काम संपल्यावर?"

"तुम्ही म्हणाल तर... तेव्हाही येईन."

"'या' असंच तर म्हणून राहिले मी."

तेवढ्यात भय्यासाहेब आत आले. चौकोन पाहताच त्यांचं कपाळ आक्रसलं. एका छपराखाली दुसरी चूल पेटते ती भाऊ वेगळे झाले म्हणजे. लोक म्हणतील भय्यासाहेबांचं घर फुटलं. हे होणार नाही, आणि ओव्हरसियरसाहेबांनी पुन्हा येण्याची तसदी घेऊ नये, असं त्यांनी थंडपणे सांगितलं.

विनताने पुन्हा पदर खोचला. "फुटलंच समजा, बाबा. आईची शेगडी इथेच होईल. आणि मी माझी वेगळी चूल मांडणार आहे, यांच्याबरोबर. अमरावतीला नाही म्हणून कळवा."

"पोटजातीचा काही विचार केलास?"

"केला. फुकट वेळ गेला."

भय्यासाहेब श्रीरंगकडे वळले. तो एक पाऊल पुढे आला. "मी तयार आहे, भय्यासाहेब. पण आधी ही भिंत फोडू द्या."

"माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

खाटेवर आई उठून बसली. उशाशी औषध कुटायचा लोखंडी बत्ता होता. धापा टाकत तिने तो उचलला, श्रीरंगच्या हातात दिला आणि चौकोनाकडे बोट केलं. तो घुटमळला. आई लेकीकडे वळली.

"तू नुसती काय बघून राहिली? हाताला हात लाव."

पूजेत यजमान संकल्प सोडताना शेजारी बसलेल्या बायकोला सांगतात, अगदी तसं. भय्यासाहेब जागच्या जागी थिजले. लग्नाच्या बायकोखेरीज हे कुणाला सांगत नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

विनताने वडिलांच्या डोळ्यांत बघत श्रीरंगच्या हाताला हात लावला. बत्ता भिंतीवर बसला आणि गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला.