केसाएवढी कड

साहेब, ती कड तुम्ही काढून टाकलीत. भूपेशने नाही, सुरुचीने तर नाहीच. तुम्ही! हाटकेश भागातल्या तुमच्या ऑफिसात एसीखाली बसून "जाड कड जुनाट दिसते, जरा मोकळं दिसू दे" म्हणालात आणि चहा मागवलात. दिसलं मोकळं. इतकं, की कॉम्प्युटरवर एक खिडकी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते देवालाही कळू नये. पांढऱ्यावर पांढरं, मध्ये केसाएवढी फिकट रेघ. त्या रेघेने काय केलं ते ऐका आता.

सुरुची मीरा रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. एकाचा रिपोर्ट उघडा असतानाच ती दुसऱ्याचा उघडते. करणार काय? फोन वाजतो, काउंटरवर टकटक होते, एकात थांबू कोण देतं तिला? आधी चालू खिडकीला ठसठशीत निळी कड असायची, मागची करडी पडायची. बघावंही लागायचं नाही. नवं व्हर्जन आलं, कड गेली आणि हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थांची वाढलेली साखर वासंतीबाईंच्या रिपोर्टात जाऊन बसली. हरिश्चंद्रांचा रकाना रिकामा दिसला म्हणून सुरुचीने आकडा पुन्हा टाकला. कळलंच नाही काही.

वासंतीबाईंनी नातवाच्या बारशाला पेढ्याचा कणसुद्धा तोंडात घातला नाही. मग दुसरीकडे तपासलं तर साखर नॉर्मल! बाई छत्री घेऊनच लॅबमध्ये आल्या. हुकलेल्या पेढ्यासाठी माणूस इतकं भांडू शकतो हे सुरुचीला त्या दिवशी कळलं.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "सॉफ्टवेअरची चूक असेल तर तसं लेखी आण त्यांच्याकडून. सोमवारपर्यंत. नाहीतर दुसरीकडे काम बघ."

तक्रारी बघणारा माणूस आजारी, म्हणून तुमच्या कंपनीने भूपेशला पाठवलं. हा खरं तर डिझायनर; खिडक्या, बटणं, रंग हे त्याचं काम. उन्हाने रापलेला, शर्टाची एक बाही वर, एक खाली.

"युजर एरर आहे मॅडम ही," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"बसा."

"नाही, मला जरा—"

"बसा ना. या रिपोर्टात स्वतःचं नाव टाइप करा."

बसला. ऐटीत टाइप केलं. नाव उमटलं ते मागून डोकावणाऱ्या दुसऱ्याच रिपोर्टात, रक्तगटाच्या रकान्यात.

सुरुचीने ओठ दाबले. "भूपेश पॉझिटिव्ह, की निगेटिव्ह?"

त्याचे कान लाल झाले. स्वतःच आखलेली खिडकी, स्वतःच फसला! "पॉझिटिव्ह," तो पुटपुटला. "म्हणजे… आत्तापासून."

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. लॅपटॉपवर नवनव्या कडा घेऊन… तपासायला म्हणे!

"ही कशी वाटते?"

"चष्म्याच्या फ्रेमसारखी."

"आणि ही?"

"लग्नपत्रिकेसारखी."

"मग ठेवू?"

"इतक्यात नको," ती म्हणाली आणि उगाच स्टेपलर शोधू लागली.

एकदा तिने बारीक कड माउसने ओढायचा प्रयत्न केला. धरायला गेलं की निसटायची. तो वाकला, तिच्या हाताशेजारी हात आला… दोघांनीही काढला नाही.

"चार पिक्सेल तरी पाहिजे," तो हळूच म्हणाला. "हाताला सापडायला."

रविवारी तो तिला चौकला, समुद्राकाठच्या आपल्या गावी घेऊन गेला. किनाऱ्यावर त्याचे वडील, बाळाराम, होडीच्या काठाला शेंदरी पट्टा मारत होते.

"पट्टा न्हाय मारला, तर आपली होडी कंची हाय ता लांबशी कसा कलल?" ते म्हणाले. मग ब्रश थांबला. "आन ही कोनाची पोर?"

"लॅबमधली आहे, बाबा."

"आसा? मंग रिपोर्ट काय आला?"

सुरुची इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. पण परत बसस्टॉपकडे चालताना भूपेशची पावलं रेंगाळली.

"काय झालं?"

"साहेब लेखी द्यायला नको म्हणतायत. कंपनीचं नाव जाईल…"

"मग तू काय म्हणालास?"

तो बस येतेय का ते बघू लागला.

"वा! चौकला पट्टे दाखवायचे आणि हाटकेशला तोंड शिवून बसायचं. माझी नोकरी जातेय, भूपेश. तुला कळतंय ना?"

बस आली. ती चढली. मागे वळून बघितलं नाही, बघावंसं वाटलं तरी.

सोमवारी तो मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. सहीचा कागद टेबलावर ठेवला. कड काढल्यामुळे चूक झाली, साहेबांच्या सांगण्यावरून ती मी काढली, खाली स्वतःचं नाव. मॅडमना पटेना. त्याने त्यांनाच टाइप करायला बसवलं. मॅडमही चुकल्या. "अगंबाई!" एवढंच म्हणाल्या. सुरुचीची नोकरी राहिली.

"आता तुझं काय?" तिने जिन्यात विचारलं.

"साहेबांना आधीच सांगून आलो होतो. कळवेपर्यंत येऊ नको म्हणाले."

"वेडा आहेस."

"रक्तगटातच आहे… तूच बघितलंस ना?"

तिने त्याची खाली आलेली बाही वर दुमडली. दोन्ही सारख्या केल्या. "रविवारी घरी ये. आईबाबांना सांगितलंय मी."

"काय सांगितलंस?"

"चार पिक्सेलचा एक मुलगा आहे. हाताला सापडलाय, सोडणार नाही."

तर साहेब, तुमच्या त्या मोकळेपणाची ही गोष्ट. सुरुचीच्या वडिलांनी जन्मभर ऑफिसात नोकरी केली, हप्ते भरून मीरा रोडला घर घेतलं. चहा पुढे यायच्या आत ते एकच विचारतील — मुलगा काय करतो? भूपेशकडे आज उत्तर नाही. तुमच्याकडे आहे. कड परत लावणार की नाही? आणि लावायला त्याला बोलावणार की नाही? फोन चालू आहे त्याचा. रविवार आलाच.

बोला!