रिकामं सिंहासन

आर्वीला बाजाराच्या रस्त्यावर माझं सोनं तपासण्याचं दुकान आहे. मशीन, काटा, भिंग. त्यांत जे दिसतं तेवढंच मी कागदावर लिहून देतो.

मार्चमध्ये रोहण्याचे मधुकरराव एक नाणं घेऊन आले. निवृत्त हेडमास्तर. राजचिन्हांची नवी सोन्याची नाणी जमवायची त्यांना हौस. छत्र, तलवार, मुकुट त्यांच्याकडे होती. हे चौथं, पार्सलनं आलेलं. त्यावर फक्त रिकामं सिंहासन. वजन बरोबर वीस ग्रॅम.

मे महिन्यात ते पुन्हा आले. "परत मोजा बरं, रुपेशभाऊ."

एकवीस ग्रॅम. सिंहासनाच्या पायरीवर दोन पावलं उमटली होती, बोटांत जोडवी. मी काटा बदलला. एकवीसच. कुठे जोड नव्हता, कस तोच होता.

"वाढून राह्यलं," ते खुशीत म्हणाले. "घरी मंदा मात्र वाळून राह्यली. डॉक्टरले काई सापडत नाई."

जुलैत ते बायकोला घेऊनच आले. ऑटोतून उतरताना त्यांनी मंदाबाईंना हात दिला नाही. बाईंची जोडवी सैल होऊन दोऱ्यानं बांधलेली होती. नाण्यावर आता बाई बसली होती. लुगडं, हात, गळा. चेहऱ्याची जागा गुळगुळीत.

मधुकररावांचा फोन वाजला, ते बाहेर गेले.

"भाऊ, आटवून टाका ना जी. आत्ताच," मंदाबाई म्हणाल्या.

"मालकाच्या सहीशिवाय नाही आटवता येत, बाई."

"नाणं त्यायचं. पण आत मी आहो ना."

मागे भट्टी पेटलेली होती. पाच मिनिटांचं काम. मी उठलो नाही.

मधुकररावांनी दारातून ऐकलं होतं. "येडी झाली का? तोंड बाकी आहे अजून." त्यांनी मंदाबाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि नाण्याशी ताडून पाहिला.

ऑगस्टमध्ये ते एकटेच आले. मंदाबाईंची तेरवी होऊन चार दिवस झाले होते. नागपूरचं गिऱ्हाईक ठरलं होतं, पक्का कागद हवा होता.

मी भिंग धरलं.

चेहरा मंदाबाईंचा. डोळे उघडे. डोक्यावर आता मुकुट होता, त्याच्या भारानं मान कलली होती.

"काऊन थांबले? खोट आहे का काई?"

"नाही."

मी वजन लिहिलं. सही केली. नाणं प्लास्टिकच्या गोल डबीत ठेवून झाकण घट्ट दाबलं.

डबीवर वाफ धरली. मधुकररावांनी ती रुमालानं पुसली, पण पुसली जाईना. वाफ आतून होती. तिच्या तोंडासमोर. लहान होत होती, मोठी होत होती.