ताईचं गुणगुणणं

ठोक्याच्या पहिल्याच सिनेमाला पार्श्वसंगीताचं पारितोषिक मिळालं.

छे, नाही मिळालं. म्हणजे मिळालं, पण त्याच्या घरात ते मिळालेलं नाही. पितळी बाहुली माळ्यावर पालथी पडली आहे आणि तो विषय काढायचा नाही असं ठरलं आहे. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरू, आणि ठोक्या नुसता ठोक्या होता तिथून सुरुवात करू.

ताटावर, बाकावर, हेडमास्तरांच्या स्कूटरवर, जिथे हात पोचेल तिथे ठेका धरायचा म्हणून ठोक्या. पुढे तो हिप-हॉपवाल्या पोरांना बीट करून द्यायला लागला. पोरं माइकवर व्यवस्थेला शिव्या घालायची, त्या शिव्यांखालचा ठेका ह्याचा. त्यासाठी सामान घरातलंच. कशाचाही आवाज मोबाइलवर पकडायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, ठेका वाजवायच्या यंत्राच्या रबरी चौकोनांवर एकेक तुकडा लावायचा आणि बोटांनी वाजवायचा. मूळ आवाज लगेच पुसून टाकायचा. हा त्याचा बाणा.

"अख्खा आवाज वापरतो तो चोर," तो म्हणायचा. "चिरून वापरतो तो कलाकार."

आधी त्यानं जिन्याच्या दाराची करकर चिरली. दार करकरायचं थांबलं. घरमालक खूश झाला, आपणच तेल घातलं असं सांगत सुटला. मग खालच्या काकूंच्या कुकरची शिट्टी. काकू तरातरा वर आल्या.

"वाफ येते, शिट्टी येत नाही. तुझ्या त्या ढुमढुमण्यानं बिघडला माझा कुकर."

"काकू, ढुमढुमण्यानं कुकर बिघडत नसतो. विज्ञान आहे ते."

"मग विज्ञानाला सांग, भाजी करपली."

त्यानंतर न्हाणीघरातला नळ. थेंब बादलीत पडताना दिसत होते. पाण्यावर वर्तुळं उठत होती. आवाज नव्हता. ठोक्या बराच वेळ बघत उभा राहिला आणि बादली जुनी झाली असा निष्कर्ष काढून बाहेर आला. शिकलेला माणूस. त्याला कशाचंही कारण सापडतं.

मग सिनेमा आला. दिग्दर्शक डोळे मिटून बोलणाऱ्यांपैकी होते.

"मला वाद्य नको. बाईचं गुणगुणणं हवं. आपल्याला कुणी ऐकतंय हे जिच्या गावीही नाही, अशी बाई."

अशी बाई घरातच होती. ठोक्याची ताई बस स्थानकावर घोषणा करायची. आईवडिलांच्या माघारी त्याच आवाजावर तिनं ह्याला वाढवलं. दिवसभर फलाट, गाड्या, उशीर, दिलगिरी. घरी आल्यावर कपड्यांना इस्त्री करताना मात्र ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची. शब्द नाहीत, गाणं नाही. ठोक्यानं घडी घातलेल्या चादरींखाली मोबाइल सरकवला. आवाज चिरला. मूळ पुसलं.

दिग्दर्शक त्याच रात्री ऐकून रडले. डोळे मिटूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माइकसमोर बसली आणि तिनं तोंड उघडलं. फलाटावरच्या लोकांनी माना वर केल्या. भोंग्यातून नुसता श्वास आला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घशात पाहिलं. "गळा उत्तम आहे," ते म्हणाले आणि जरा घुटमळले. "खरं सांगू? वापरलेलाच वाटत नाही."

घरी येऊन ताईनं ठोक्याच्या यंत्राकडे बोट केलं आणि मोबाइलवर लिहून त्याच्यापुढे धरलं, "काय केलंस रे मेल्या?"

ठोक्याला दार, शिट्टी, नळ एका ओळीत आठवले. त्यानं सगळे तुकडे जोडून पाहिले. सांधे ऐकू येत होते. जे पुसलं ते पुसलंच होतं. तो तडक दिग्दर्शकांकडे गेला.

"सर, ते गुणगुणणं काढा."

"वेडा आहेस का? सिनेमा त्याच्यावर उभा आहे."

"तो माझ्या बहिणीचा गळा आहे. तिची नोकरी चालली. तिथे आता मशीन बोलतंय!"

"कला म्हणजे त्याग असतो, बाळा."

"मग तुमचा द्या ना! तुमचा गळा तर ठणठणीत दिसतोय!"

दिग्दर्शकांनी पहिल्यांदाच डोळे उघडले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पहिल्या खेळाला ताई हट्टानं आली. "माझाच आवाज, आणि मीच नको?" असं तिनं लिहिलं होतं. दुपारची वेळ, थिएटर भरलेलं. पडद्यावर नायिका रिकाम्या खोलीत खिडकी पुसत होती. गुणगुणणं सुरू झालं.

लोक पुढे सरकून बसले.

ठोक्यानं शेजारी पाहिलं. ताईचं तोंड उघडलं होतं.

गळा हलत होता. तुकड्या-तुकड्यानं. त्यानं जिथे चिरलं होतं, तिथे तिथे हिसका बसत होता.

"ताई, तोंड मीट ना."

तिनं दोन्ही हातांनी जबडा दाबून धरला. तो मिटला नाही. तिचे डोळे ठोक्यावर होते.

प्रसंग संपला. तोंड मिटलं. टाळ्या पडल्या.

सिनेमा धो-धो चालला. कुठल्या ना कुठल्या गावात तो प्रसंग लागतो, आणि आता ताई जेवता जेवता घास खाली ठेवते. झोपेत उठून बसते. कधी अर्धी साडी नेसून भिंतीला टेकते. ठोक्या वितरकांच्या कचेरीत जाऊन तीनतीनदा भांडला. शेवटच्या खेपेला रखवालदारानं सांगितलं, "साहेब, ओरडू नका. जे काय असेल ते लेखी द्या."

त्यानं दिलं.

"मा. वितरण अधिकारी यांस, सविनय सादर. सदर चित्रपट तत्काळ मागे घ्यावा व त्यातील आवाज मूळ मालकिणीस अखंड स्वरूपात परत करावा. ते आपल्या अखत्यारीत नसल्यास, निदान सर्व शहरांतील सर्व चित्रपटगृहांच्या वेळा एकमेकींशी जुळवून, उक्त प्रसंगाच्या दोन खेळांमध्ये अर्जदाराच्या बहिणीस श्वास घेता येईल इतके अंतर ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."